आर्मर स्कॅनरवर चढवताना: तीनशे टॉवरमधून आपली साइट शोधणे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सरकारी रेडिओ यंत्रणेचं नाव आर्मर, म्हणजे अलाइड रेडिओ मॅट्रिक्स फॉर इमर्जन्सी रिस्पॉन्स. राज्यातल्या ८७ काउंट्या, तीनशेहून अधिक टॉवर, आणि पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, हमरस्त्यांवरचं गस्त दल, हिवाळ्यात बर्फ लोटणाऱ्या गाड्या असे सगळे एकाच जाळ्यावर. टॉवर आणि मुख्य जाळं राज्याचं वाहतूक खातं, म्हणजे मिनडॉट, सांभाळतं. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनीॲपोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू पूल कोसळला, तेव्हा निरनिराळ्या खात्यांची पथकं एकमेकांशी बोलू शकली ती याच यंत्रणेच्या महानगरातल्या भागावर. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनीॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरात, राहणारी बरीच मराठी मंडळी रोज या टॉवरांखालून जातात. रेडिओची हौस असलेल्याला त्यावर काय चाललंय हे ऐकावंसं वाटलं तर नवल नाही.

अशी सिस्टिम स्कॅनरमध्ये, म्हणजे ही बोलणी ऐकवणाऱ्या रिसीव्हरमध्ये, भरायला बसलं की पहिला मोह होतो तो सगळंच भरून टाकण्याचा. डेटाबेसमध्ये सगळं तयार असतं, एका क्लिकवर आख्खं राज्य यादीत येतं, आणि मग स्कॅनर तासन्‌तास गप्प बसतो किंवा अर्धवट वाक्यं ऐकवतो. मी हे काम निरनिराळ्या मॉडेलांवर केलं आहे आणि दर वेळी वेळ खाल्ला तो साइट, म्हणजे कोणत्या टॉवरचं ऐकायचं ते, निवडण्याने. टॉकग्रुप, म्हणजे एकेका पथकाचे बोलण्याचे गट, भरणं हे त्यामानाने हमालीचं काम आहे. म्हणून या लेखातही साइटलाच जास्त जागा दिली आहे.

आधी सिस्टिम बोलते कशी ते

मोठ्या रेल्वे स्टेशनवर गाडी कोणत्या फलाटावर येणार हे घोषणेवरून कळतं. आज चार, उद्या सहा. प्रवाशाने फलाट पाठ करायचा नसतो, घोषणेकडे कान ठेवायचा असतो. ट्रंक्ड सिस्टिममध्ये, म्हणजे जिथे थोड्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांत वाटून वापरतात तिथे, घोषणेचं काम कंट्रोल चॅनेल करतो. टॉकग्रुप म्हणजे गाडीचा क्रमांक आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी म्हणजे फलाट. अग्निशमन दलाच्या एका टॉकग्रुपवर कुणी बोलायचं बटण दाबलं की कंट्रोल चॅनेल सांगतो, ‘हा टॉकग्रुप आता अमुक चॅनेलवर’. स्कॅनर तिकडे उडी मारतो आणि बोलणं संपलं की परत येतो. उत्तर देणाऱ्याला कदाचित वेगळीच फ्रिक्वेन्सी मिळते. आवाजाच्या फ्रिक्वेन्सी साध्या चॅनेलसारख्या भरून कुणी ऐकायला बसला तर त्याला एका फलाटावर उभं राहून येईल ती गाडी बघण्याइतकाच बोध होतो.

आर्मर ही पी२५ या डिजिटल रेडिओ प्रमाणाची सिस्टिम आहे. तिचा कंट्रोल चॅनेल सेकंदाला ९,६०० बिट वेगाने अखंड बोलत असतो. साध्या एफएम रिसीव्हरवर तो मोटार फिरल्यासारखा घरघरणारा एकसुरी आवाज म्हणून ऐकू येतो, आणि ती घरघर एकदा कानात बसली की कंट्रोल चॅनेल नुसत्या कानाने ओळखता येतो. पी२५ मधली सोय अशी की फक्त कंट्रोल चॅनेलच्या फ्रिक्वेन्सी भरल्या तरी पुरतं, कारण चॅनेल क्रमांकावरून फ्रिक्वेन्सी कशी काढायची याचा तक्ता सिस्टिम स्वतःच प्रसारित करते. ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात नेहमी दिसणारा तक्ता असा: पाया ८५१.००६२५ मेगाहर्ट्झ, पायरी ६.२५ किलोहर्ट्झ. कंट्रोल चॅनेलने ‘चॅनेल ८०१’ म्हटलं की ८०१ गुणिले ०.००६२५ म्हणजे ५.००६२५, ते पायात मिळवलं की ८५६.०१२५. हातातले रेडिओ याच्या ४५ मेगाहर्ट्झ खाली, म्हणजे ८११.०१२५ वर प्रक्षेपण करतात. हे गणित स्कॅनर करतो, पण ते माहीत असलं की पडद्यावर दिसणारी फ्रिक्वेन्सी खरी की भलतीच, हे लगेच ताडता येतं. जुन्या एडॅक्स किंवा एलटीआर सिस्टिममध्ये ही सोय नव्हती. तिथे सगळ्या फ्रिक्वेन्सी त्यांच्या ठरलेल्या क्रमानेच भराव्या लागायच्या, आणि एक क्रमांक चुकला की पोलिसांच्या नावाखाली कचऱ्याची गाडी ऐकू यायची.

एका साइटवर कंट्रोल चॅनेल होऊ शकतील अशा चारपर्यंत फ्रिक्वेन्सी असतात आणि एका वेळी एकच चालू असते. देखभालीसाठी किंवा बिघाड झाला की सिस्टिम दुसरीवर जाते. चारही भरा. एकच भरून ठेवणाऱ्याचा स्कॅनर एका सकाळी अचानक मुका होतो आणि तो ॲंटेनाला दोष देत बसतो. जुनी यादी हाताशी असेल तर आणखी एक तपासणी करावी लागते. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २००४ साली ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या फेरमांडणीचा आदेश काढला, त्यात सार्वजनिक सुरक्षेचे ८६६ ते ८६९ मेगाहर्ट्झमधले चॅनेल १५ मेगाहर्ट्झ खाली, ८५१ ते ८५४ मध्ये सरकले. यादीत ८६६ च्या पुढचे आकडे दिसले तर ती यादी इतिहासजमा समजावी.

साइट निवडणे

आर्मरसारख्या सिस्टिममध्ये दोन प्रकारच्या साइट असतात. ग्रामीण भागात, राज्याच्या उत्तरेला, एक टॉवर म्हणजे एक साइट. महानगरात हेनेपिन, रॅम्झी, डकोटा, अनोका अशा काउंट्यांत अनेक टॉवर एकाच वेळी त्याच फ्रिक्वेन्सींवर तेच प्रक्षेपण करतात आणि सगळे मिळून एक साइट मानले जातात. याला सिमुलकास्ट म्हणतात. डेटाबेसमध्ये साइटच्या नावातच बहुधा सिमुलकास्ट हा शब्द असतो. तो दिसला की पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना येते, त्याबद्दल खाली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नव्याने सुरुवात करणाऱ्याला कुणी सांगत नाही. सिस्टिम राज्यभर पसरलेली आहे म्हणून प्रत्येक टॉवरवरून राज्यभराचं बोलणं जात नाही. ज्या टॉकग्रुपवर लावलेला निदान एक रेडिओ त्या साइटवर नोंदलेला असेल, तोच टॉकग्रुप ती साइट प्रक्षेपित करते. कॅनडाच्या सीमेजवळच्या एखाद्या काउंटीतलं अग्निशमन दल मिनीॲपोलिसच्या साइटवर ऐकू येत नाही. त्यांची एखादी गाडी रुग्णाला घेऊन शहरात आली आणि तिचा रेडिओ तोच टॉकग्रुप लावून शहराच्या साइटवर नोंदला गेला, तर तेवढा वेळ त्या गावचं बोलणं शहरात ऐकू येतं आणि गाडी परतली की बंद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दूरच्या काउंटीचे टॉकग्रुप भरले आणि काही येत नाही म्हणून स्कॅनर बदलणारे लोक असतात. दोष स्कॅनरचा नसतो.

याचा दुसरा अर्थ असा की जवळची साइट नेहमी बरोबर असेलच असं नाही. ज्या काउंटीचं बोलणं ऐकायचं त्या काउंटीची साइट लागते, मग तिचा सिग्नल शेजारच्या साइटपेक्षा थोडा अशक्त का असेना. म्हणून मी आधी आपल्या काउंटीची साइट, मग सीमेवर राहत असलो तर शेजारच्या काउंट्यांच्या साइट, आणि शेवटी मिनडॉटची जवळची साइट अशी पाच-सहा नावं कागदावर लिहितो. स्कॅनर जिथे कायम राहणार आहे तिथेच, त्याच ॲंटेनावर, एकेक साइट होल्ड करून, म्हणजे स्कॅनर तिच्यावरच थांबवून, पाच मिनिटं बघतो. पडद्यावर सिग्नलची पातळी आणि चुकांचं प्रमाण दोन्ही दिसतात. साधारण उणे ७० डीबीएमच्या आसपास सिग्नल असेल तर उत्तम, उणे १०० ला रडतखडत, उणे ११० च्या खाली आशा सोडावी. पण सिग्नल भरभक्कम आणि चुका मात्र खूप, असं दिसलं तर ती सिमुलकास्टची खूण. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. सकाळी एकदा, रात्री एकदा.

या पाच-सहांतून दोन, फार तर तीन साइट ठेवायच्या. कारण साधं आहे. स्कॅनर प्रत्येक साइटच्या कंट्रोल चॅनेलवर ठरावीक वेळ थांबतो, समजा २ सेकंद. वीस साइट ठेवल्या तर एक फेरी व्हायला ४० सेकंद. अग्निशमन दलाची हाक दहा-बारा सेकंदांत संपते. तीन साइट असतील तर पुन्हा त्याच साइटवर यायला सहा सेकंद, म्हणजे हाकेचा निदान शेवट तरी हाती लागतो. एकच साइट ठेवली तर फेरीमुळे काहीच निसटत नाही. मोठी यादी भरली की जास्त ऐकू येतं हा समज इथे पार उलटा पडतो.

यंत्र आणि भरणी

सिमुलकास्टच्या प्रदेशात राहत असाल तर युनिडेनचा एसडीएस१०० हा हातातला किंवा एसडीएस२०० हा टेबलावरचा स्कॅनर घ्यावा, असं मी स्पष्टपणे सांगतो. एकाच टॉवरच्या साइटखाली राहणाऱ्याला बीसीडी४३६एचपी किंवा बीसीडी९९६पी२ पुरतो आणि पैसे वाचतात. ९९६एक्सटी आणि ३९६एक्सटी ही जुनी जोडी पी२५ च्या फक्त पहिल्या टप्प्याची आहे. दुसऱ्या टप्प्यात एकाच साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलवर आळीपाळीने दोन बोलणी चालतात, ती या जोडीला उलगडत नाहीत. आर्मर मूळची पहिल्या टप्प्याची सिस्टिम असली तरी आज नवीन यंत्र घेताना दोन्ही टप्पे येतात ना, हे बघूनच घ्यावं.

एसडीएस१०० भरायला सेंटिनेल हा मोफत प्रोग्राम लागतो आणि तो विंडोजवर चालतो. स्कॅनर मिनी-यूएसबी केबलने जोडला की तो विचारतो, मास स्टोरेज की सिरियल. मास स्टोरेज निवडायचं. केबल डेटा वाहून नेणारी असावी. फक्त चार्जिंगच्या केबलवर संगणकाला स्कॅनर दिसतच नाही, आणि या एका कारणाने फुकट गेलेल्या संध्याकाळी कमी नाहीत. सगळ्यात आधी फर्मवेअर, मग मास्टर डेटाबेस अद्ययावत करायचा. हा डेटाबेस रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावरच्या नोंदींवरून तयार होतो आणि आठवड्याला नवा येतो.

मग डाव्या बाजूच्या झाडात अमेरिका, मिनेसोटा, राज्यव्यापी सिस्टिम असं उघडत आर्मरपर्यंत जायचं आणि ती नव्या फेव्हरिट्स लिस्टमध्ये जोडायची. इथे आख्खी सिस्टिम येते, येऊ द्यावी. मग त्या यादीत जाऊन निवडलेल्या दोन-तीन सोडून बाकीच्या सगळ्या साइट पुसून टाकायच्या. नुसत्या टाळायच्या यादीत घालून ठेवू नयेत. पुढे कधी ‘सगळं टाळणं रद्द’ हे बटण चुकून दाबलं गेलं तर राज्यभरच्या सगळ्या साइट परत उभ्या राहतात. टॉकग्रुपांचे विभागही तसेच छाटायचे. आपली काउंटी, शेजारची एखादी, गस्त दलाचा आपला जिल्हा, मिनडॉटचा आपला भाग, आणि राज्यव्यापी समन्वयाचे टॉकग्रुप, ज्यांची नावं एसटीएसी, एफटीएसी अशा आद्याक्षरांनी येतात. समन्वयाचे टॉकग्रुप एरवी महिना-महिना शांत असतात, पण मोठी दुर्घटना, वादळ किंवा पूर आला की निरनिराळी खाती तिथेच भेटतात. ते पुसू नयेत. हिमवादळाच्या रात्री मिनडॉटच्या बर्फ लोटणाऱ्या गाड्यांचा टॉकग्रुप ऐकला की कोणत्या रस्त्याला हात घालू नये हे आपसूक कळतं. या सिस्टिमवर माझं सगळ्यात आवडतं ऐकणं हेच.

टॉकग्रुप हाताने भरायचे झाले तर आकडा दशमान पद्धतीतला की षोडशमान, हे बघावं. डेटाबेसमध्ये दोन्ही रकाने शेजारीशेजारी असतात. दशमान १००१ म्हणजे षोडशमानात ३ई९. स्कॅनरला दशमान आकडा द्यायचा. पी२५ मध्ये टॉकग्रुप ६५,५३५ पर्यंतच असतात, त्याहून मोठा आकडा दिसला तर तो बहुधा एखाद्या रेडिओचा स्वतःचा क्रमांक असतो. चॅनेलना नावं रोमन लिपीतच द्यावी लागतात.

प्रत्येक टॉकग्रुपला डिले, म्हणजे बोलणं संपल्यावर तिथेच थांबायचा वेळ, असतो, ठरलेला २ सेकंद. मुख्य नियंत्रण कक्षाच्या टॉकग्रुपांना मी तो ४ किंवा ५ करतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जवान धापा टाकत असतो, दोन सेकंदांत तो बोलतोच असं नाही, आणि तेवढ्यात स्कॅनर भलत्याच बोलण्यावर निघून गेला तर उत्तर हुकतं.

सगळं झालं की प्रोफाइलमध्ये त्या फेव्हरिट्स लिस्टसमोरच्या दोन्ही चौकटींत खूण करायची, एक ‘स्कॅनरवर उतरव’ची आणि दुसरी ‘ऐक’ची. पहिलीच केली तर यादी स्कॅनरमध्ये जाते पण वाजत नाही. मग स्कॅनरवर लिहायचं. लिहून झाल्यावर विंडोजमधून यूएसबी सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय वापरायचा, केबल ओढायची नाही. मायक्रोएसडी कार्डावरची फाइल अर्धवट राहिली तर स्कॅनर सुरू होताना अडकतो. तसं झालंच तर सेंटिनेलमधून कार्ड साफ करून पुन्हा लिहिता येतं. यादी संगणकावर वेगळी निर्यात करून ठेवलेली असेल तर हे काम पाच मिनिटांचं, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

स्कॅनर गप्प बसला तर

पहिल्यांदा लिहून झाल्यावर बहुतेकदा काही ऐकू येत नाही. घाबरू नये, कारणं मोजकी असतात. मी ती ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो.

पडद्यावर ‘नथिंग टू स्कॅन’ असं आलं तर क्विक की, म्हणजे चालू-बंद करायचे क्रमांक, बघायच्या. यादीला, सिस्टिमला आणि विभागाला तिघांनाही स्वतंत्र क्विक की देता येतात, आणि दिलेली की बंद असेल तर त्याखालचं सगळं बंद. सुरुवातीला विभागांना क्विक की देऊच नयेत, सगळं वाजायला लागल्यावर द्याव्यात.

साइट दिसते, कंट्रोल चॅनेल लागतो, तरी आवाज नाही, तर सर्व्हिस टाइप बघायचे. प्रत्येक टॉकग्रुपला डेटाबेसने एक प्रकार दिलेला असतो: पोलीस नियंत्रण, अग्निशमन नियंत्रण, सार्वजनिक बांधकाम, समन्वय वगैरे. नवीन स्कॅनरमध्ये यांतले मोजकेच चालू असतात, आणि ही चाळणी फेव्हरिट्स लिस्टलाही लागू होते. मिनडॉटचे टॉकग्रुप भरूनही वाजत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा हेच निघतं.

त्यानंतर लोकेशन कंट्रोल. यादीवर ही सोय चालू असेल तर स्कॅनर स्वतःचं ठिकाण आणि साइटचं ठिकाण यांतलं अंतर मोजून दूरच्या साइट वगळतो. स्कॅनरमधला पिनकोड जुन्या घराचा असेल तर त्याच्या हिशेबाने आपली साइट दूरची ठरते. एका जागी ठेवायच्या स्कॅनरवर ही सोय बंदच ठेवावी.

कंट्रोल चॅनेलच लागत नसेल तर चारही फ्रिक्वेन्सी ताडून बघाव्यात, आणि मग एनएसी. प्रत्येक साइटच्या प्रक्षेपणात १२ बिटांचा हा ओळखक्रमांक असतो. राज्यभरात त्याच फ्रिक्वेन्सी दूरदूरच्या साइटवर पुन्हा वापरलेल्या असतात, आणि उन्हाळ्यातल्या दमट पहाटे वातावरणाच्या थरांमुळे दीडशे-दोनशे किलोमीटरवरची साइट आपल्या साइटच्या जागी येऊन बसू शकते. साइटच्या नोंदीत एनएसी भरून तो वापरायला सांगितला की स्कॅनर परक्या साइटला दाद देत नाही. पण डेटाबेसमधला एनएसी जुना असेल तर हाच उपाय उलटतो आणि आपलीच साइट परकी ठरते. म्हणून सुरुवातीला एनएसीची अट न घालता ऐकावं, पडद्यावर दिसणारा क्रमांक टिपून घ्यावा आणि मग भरावा.

काही टॉकग्रुपांवर पडद्यावर हालचाल दिसते, आवाज नाही आणि एन्क्रिप्शनची खूण येते. तिथे थांबायचं. ट्विन सिटीज भागात पोलिसांचे पुष्कळ टॉकग्रुप आता एन्क्रिप्टेड आहेत. एईएस-२५६ ही कूटपद्धत फोडणारा स्कॅनर बाजारात नाही, आणि एन्क्रिप्टेड बोलणं उलगडायचा प्रयत्न करणं अमेरिकेत गुन्हा आहे. असे टॉकग्रुप कायमचे टाळावेत, म्हणजे स्कॅनरचा वेळ जात नाही. टाळण्याचं बटण एकदा दाबलं तर ते तात्पुरतं असतं आणि स्कॅनर बंद करून चालू केला की पुसलं जातं. लागोपाठ दोनदा दाबलं की कायम.

कायद्याचं आणखी थोडं. मिनेसोटात गाडीत असा स्कॅनर ठेवायचा तर राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचा परवाना लागतो. एफसीसीचा हौशी रेडिओ परवाना असलेल्यांना यातून सूट आहे. ऐकलेल्या माहितीचा स्वतःच्या लाभासाठी वापर करायला संघराज्याचा कायदा मनाई करतो. आणि हा स्कॅनर सुट्टीत भारतात घेऊन जाऊ नये. भारतात विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणं आणि पोलिसांचं बोलणं ऐकणं, दोन्ही कायद्याने मना आहे.

सिमुलकास्ट

गावच्या जत्रेत एकाच माइकला जोडलेले तीन कर्णे तीन खांबांवर असतात. एका कर्ण्याखाली उभं राहिलं की शब्द स्वच्छ कळतो. मधोमध उभं राहिलं की तिन्हींचा आवाज थोडा मागेपुढे येतो, मोठा असूनही शब्द कळत नाही. सिमुलकास्टमध्ये नेमकं हेच होतं. पी२५ सेकंदाला ४,८०० चिन्हं पाठवतं, म्हणजे एका चिन्हाला सुमारे २०८ मायक्रोसेकंद मिळतात. दोन टॉवरच्या अंतरात दहा किलोमीटरचा फरक असेल तर एकाचा सिग्नल दुसऱ्यापेक्षा ३३ मायक्रोसेकंद उशिरा येतो, वीस किलोमीटरचा असेल तर ६७. चिन्हं एकमेकांवर चढायला लागतात. खात्यांचे रेडिओ हे झेलू शकतात, कारण सिमुलकास्टवरचं मॉड्युलेशन लहरीची कला (फेज) आणि उंची दोन्ही वापरतं आणि त्यांचे रिसीव्हर दोन्ही मोजतात. जुने स्कॅनर मुळात एफएम रिसीव्हर आहेत, ते उंचीची माहिती सुरुवातीलाच फेकून देतात. मग पडद्यावर सिग्नल पाच काड्या आणि कानात रोबोटची बोबडी. एसडीएस मालिका दोन्ही मोजते, म्हणून तिची शिफारस केली.

जुन्याच स्कॅनरवर भागवायचं असेल तर सिग्नल वाढवून उपयोग नाही, कमी करून होतो. एकच टॉवर वरचढ ठरेल असं करायचं. ८५५ मेगाहर्ट्झची लहर ३५ सेंटिमीटरची, त्यामुळे स्कॅनर टेबलावर वीतभर सरकवला तरी चित्र बदलतं. घराच्या ज्या भिंतीपलीकडे नको असलेले टॉवर आहेत त्या भिंतीला टेकवून बघा. सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावून बघा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ८०० मेगाहर्ट्झची छोटी यागी, म्हणजे एकाच दिशेचं जास्त ऐकणारी ॲंटेना, एका टॉवरकडे रोखणं, तीही सगळ्यात जवळच्या टॉवरकडेच असं नाही. ज्याच्या मागे-पुढे त्याच रेषेत दुसरा टॉवर नाही त्याच्याकडे. मी यागी खिडकीत धरून दहा-दहा अंशांनी फिरवतो आणि प्रत्येक ठिकाणी चुकांचा आकडा लिहितो. सिग्नलचा आकडा पडला आणि चुकाही कमी झाल्या, ती दिशा बरोबर.

एसडीएसवरही सगळं आपोआप नीट होत नाही. त्यात प्रत्येक साइटला वेगळा फिल्टर निवडता येतो: नॉर्मल, इन्व्हर्ट, ऑटो, त्यांची रुंद रूपं आणि बंद. हा फिल्टर सिमुलकास्टसाठी नाही, आजूबाजूच्या तगड्या सिग्नलांचा त्रास टाळण्यासाठी आहे. ८६९ मेगाहर्ट्झपासून पुढे मोबाइल कंपन्यांचे टॉवर बोलत असतात, आणि आपल्या कंट्रोल चॅनेलपासून ते फार लांब नसतात. जवळच्या छतावर मोबाइलचा टॉवर असेल तर एका फिल्टरवर चुकाच चुका आणि दुसऱ्यावर स्वच्छ, असं होतं. प्रत्येक पर्याय दोन-दोन मिनिटं लावून बघण्याशिवाय दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

ॲंटेना, आणि ताडून बघायला एसडीआर

सोबत येणारी रबरी ॲंटेना सगळ्या पट्ट्यांसाठी असते, म्हणजे कोणत्याच पट्ट्यासाठी खास नसते. फक्त आर्मर ऐकायचं तर ८०० मेगाहर्ट्झसाठीच बनवलेली रेमट्रॉनिक्स ८२०एससारखी ॲंटेना लावावी. स्वतः करायची तर पाव लहरीची लांबी ८.८ सेंटिमीटर, एक उभी तार, आणि खाली तेवढ्याच किंवा किंचित लांब चार तिरप्या तारा. छतावर लावत असाल तर केबलवर कंजुषी नको. या पट्ट्यात पंधरा मीटर आरजी-५८ केबल सात-आठ डेसिबल खाते, म्हणजे पाच-सहांश सिग्नल वाटेतच जातो. तेवढीच एलएमआर-४०० दोन डेसिबलच्या आत राहते. टीव्हीची आरजी-६ तीन डेसिबल खाते, स्वस्त असते आणि ७५ ओहमची असली तरी नुसत्या ऐकण्यासाठी उत्तम चालते.

डेटाबेसवर शंका आली तर मी आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर, आणि एसडीआरट्रंक हा मोफत प्रोग्राम लावतो. आवाज ऐकायचा तर त्याला जेएमबीई हे कोडेक वेगळं बनवून द्यावं लागतं, पण कंट्रोल चॅनेल वाचायला तेही नको. डोंगल एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा बघतो, कंट्रोल चॅनेलपुरता एक पुष्कळ झाला. डोंगल तापमान-भरपाई असलेल्या स्फटिकाचा घ्यावा. साधा स्फटिक दशलक्षात ५० भागांनी चुकला तर ८५५ मेगाहर्ट्झवर ती चूक ४३ किलोहर्ट्झच्या घरात जाते, म्हणजे तीन चॅनेल पलीकडे. १ भागाचा असेल तर एका किलोहर्ट्झच्याही आत राहते. कंट्रोल चॅनेल एकदा लागला की साइटचा क्रमांक, एनएसी, चॅनेलचा तक्ता, पर्यायी कंट्रोल चॅनेल आणि शेजारच्या साइट हे सगळं सिस्टिम स्वतःच सांगते. ती यादी आणि सेंटिनेलमधली यादी शेजारीशेजारी ठेवली की फरक उघड दिसतो, आणि फरक दिसला की सिस्टिमचं ऐकायचं, डेटाबेसचं नाही.

शेवटचा टप्पा म्हणजे आयडी सर्च. एका साइटवर होल्ड करून सिस्टिम या अवस्थेत टाकली की भरलेले-न भरलेले सगळे टॉकग्रुप वाजतात. कामाच्या दिवशी आणि शनिवारी-रविवारी मिळून तीन-चार दिवस ती तशीच चालू ठेवावी आणि येतील ते क्रमांक लिहावेत. हजारो टॉकग्रुपांपैकी आपल्या साइटवर खरोखर किती येतात ते तेव्हा कळतं. अनोळखी क्रमांकाचा अंदाज त्यावर येणाऱ्या रेडिओ क्रमांकांवरून आणि ठिकाणांच्या नावांवरून बांधता येतो. तोच आकडा दुसऱ्या दिवशी तशाच कामात पुन्हा दिसला तर नाव द्यावं, एकदाच दिसला तर पेन्सिलीने लिहून ठेवावं. मग आयडी स्कॅनवर, म्हणजे फक्त भरलेले टॉकग्रुप वाजवणाऱ्या अवस्थेवर, परत यायचं. दर तीन-चार महिन्यांनी, आणि आपल्या साइटवर एखादा नवा टॉवर उभा राहिला की लगेच, साइटचे चुकांचे आकडे पुन्हा घ्यावेत. सिमुलकास्टमध्ये एक टॉवर वाढला की काल चांगली असलेली यागीची दिशा आज चांगली राहत नाही.